ड्रेस कोणताही घाला, चप्पल मात्र पायाला विचारून घ्या

मुलीला पहिली नोकरी लागते. घरात आनंदीआनंद होतो. पहिल्या दिवशी घालायला नवा पंजाबी ड्रेस शिवून येतो आणि त्यावर शोभेल अशी उंच टाचेची सँडल येते. आई हौसेने पैसे मोजते. त्या वेळी आईच्या स्वतःच्या पायात काय असते? टाचेकडे झिजून कागदासारखी झालेली रबरी स्लिपर. आठ दिवसांत मुलगी सँडल पिशवीत टाकून जुन्या चपलेवरच स्टेशन गाठू लागते. आई रोज सकाळी उठताना भिंतीचा आधार घेते. दोघींचेही पाय दुखतात, पण एकही बोलत नाही.

भगिनींनो, हे चित्र आपल्या घराघरांतले आहे. कापड घेताना आपण दहा वेळा हात लावून पाहतो, रंग जाईल का विचारतो. बाही कशी, घेर किती, हे शिंप्याला बजावून सांगतो. चप्पल मात्र सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत आणि नुसत्या डोळ्यांनी पसंत करतो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाय, मग चप्पल आणि मग ड्रेस. असे केल्याने दिसण्यात काहीही उणे पडत नाही, हेच आज पाहू.

पोशाखाचा मान

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाविषयी कळकळीने सांगितले होते. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून जात ओळखू येते ती तऱ्हा सोडा, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्याचा आशय होता. बायकांनी ते ऐकले आणि लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली. वहाणेचीही तीच कथा आहे. वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे, असे दिवस कितीतरी गावांत आपल्या आधीच्या पिढ्यांनी सोसले. म्हणून आपल्या पायात चांगली चप्पल असावी असे वाटणे हा नखरा नव्हे. पण 'चांगली' म्हणजे केवळ उंच आणि चकचकीत, एवढाच अर्थ घेतला तर हा मान दुखण्याच्या रूपाने पायालाच फेडावा लागेल.

सपाट म्हणजे पातळ नव्हे

उंच टाचेच्या सँडलमध्ये शरीराचा भार पुढे चवड्यावर येतो. बोटे चेंगरतात, पोटरी आखडते आणि कंबर भरून येते. हे कळल्यावर पुष्कळ जणी एकदम दुसऱ्या टोकाला जातात आणि पापडासारख्या तळाची चप्पल किंवा बेली घेतात. तीही तितकीच वाईट.

आपल्या तळपायाला कमान असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला एक जाड पट्टा ही कमान ताणून धरतो, धनुष्याची दोरी धरते तसा. कडक फरशीवर तासन् तास उभे राहिले आणि खाली आधार नसला की या पट्ट्यावर ताण येतो. मग सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. चार पावले चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभराच्या कामानंतर पुन्हा डोके वर काढते. डॉक्टर याला 'प्लांटर फॅशिआयटिस' म्हणतात. पोटरी ताणण्याचा व्यायाम, थोडी विश्रांती आणि योग्य चप्पल एवढ्यानेही बहुतेकींना काही महिन्यांत उतार पडतो. सूज, बधिरपणा किंवा जखम असेल तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

दुकानात काय पाहावे?

चप्पल संध्याकाळी घ्यावी. दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून सकाळी बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी आवळते. दोन्ही पायांत घालून पाहावी. बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा असतो, त्या पायाचा नंबर धरावा. बूट किंवा बेली असेल तर उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे.

नंतर चप्पल हातात घेऊन वाकवून पाहा. ती चवड्याजवळ वाकावी, मधोमध घडी पडता कामा नये. कपडा पिळावा तशी पिळली जात असेल तर तिच्यात आधार नाही. बूट किंवा बेली असेल तर टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबून पाहा, ती घट्ट हवी. टाच साधारण इंचभर उंच आणि रुंद असली तर पायाला अगदी सपाट तळापेक्षा बरे वाटते. मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. सैल चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटे सारखी आवळून चालावे लागते, त्यानेच पाय थकतो. आणि "घालून घालून सैल होईल, ताई," असे दुकानदार म्हणाला तर ती जोडी तिथेच ठेवून या.

कोणत्या कपड्यावर काय?

आता सपाट चप्पल शोभून कशी दिसेल ते पाहू. पहिला नियम असा की शिंप्याकडे किंवा आरशासमोर जाताना रोजची चप्पल पायात असू द्या. उंच टाचेच्या मापाने शिवलेली सलवार सपाट चपलेवर जमिनीला घासते आणि सगळा पोशाख गबाळा दिसतो. दोष चपलेचा नसतो, मापाचा असतो. साडीचेही तसेच. चप्पल घालून मगच निऱ्या खोचाव्यात आणि काठ जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर ठेवावा. लोकलमध्ये किंवा एस.टी.त चढताना पाय अडकत नाही.

चुडीदार किंवा लेगिंगवर पुढून थोडी निमुळती, पण बोटे न चेंगरणारी बेली छान दिसते. तिचा तळ पातळ असेल तर आत मऊ सुखतळा टाकून घ्यावा. त्यासाठी बेली घेतानाच सुखतळा टाकून नंबर पाहावा. घेरदार सलवार किंवा पटियालावर रुंद पट्ट्याची सँडल शोभते. घोट्यापर्यंतच्या पँटवर कुर्ती असेल तर साधे कॅनव्हासचे बूटही चालतात, आता ऑफिसातही ते दिसू लागले आहेत. उंची कमी असेल तर घोट्याभोवती जाड, गडद पट्टा नको, त्याने पाय तुटक दिसतो. पट्टा बारीक किंवा आपल्या त्वचेच्या रंगाजवळचा घ्यावा.

प्रत्येक ड्रेसला वेगळी चप्पल घेणे आपल्याला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. एक तपकिरी आणि एक काळी, अशा दोन बऱ्या जोड्या असल्या की जवळजवळ सगळे कपडे निभावतात. रंग जुळवायचाच असेल तर ओढणीशी किंवा पर्सशी जुळवा. तीन स्वस्त जोड्यांच्या पैशांत एक टिकाऊ जोडी येते.

पांढऱ्या साडीवर फिकट बदामी किंवा तपकिरी सँडल शोभते. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे जाताना किंवा नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना कितीतरी तास चालावे आणि रांगेत उभे राहावे लागते. त्या दिवशी कोरी चप्पल कधीही घालू नये. आठवडाभर आधी घरात वापरून ती पायाला सरावू द्यावी. विहारात चप्पल काढावी लागते, तेव्हा बारीक बकलापेक्षा वेलक्रोचा पट्टा सोयीचा. वाकायला त्रास होणाऱ्या आजींना तर विशेषच.

कोल्हापुरी आपल्या जागी

ड्रेसवर, साडीवर, जीन्सवर कशावरही खुलणारी सपाट चप्पल म्हणजे कोल्हापुरी. चर्मकार कारागिरांच्या हातच्या या कलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये 'प्राडा' या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच सँडल दाखवल्या, पण सुरुवातीला श्रेय दिले नाही. टीका झाल्यावर भारतीय हस्तकलेवरून त्या स्फुरल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. आपल्या मातीतली वस्तू आपण अभिमानाने वापरावी. पण हिचा तळ सपाट आणि टणक असतो हे लक्षात ठेवावे. चामडे हळूहळू पायाचा आकार घेते, तोवर थोडा थोडा वेळच घालावी. पावसात तर बाहेर काढूच नये, चामडे फुगते. लग्नकार्याला, फिरायला कोल्हापुरी जरूर घाला. टाच दुखत असेल तर दिवसभर उभे राहण्याच्या कामाला मात्र दुसरी जोडी ठेवा.

उभे राहण्याचे काम

आपल्यातल्या कितीतरी भगिनी दवाखान्यात, दुकानात, कारखान्यात, झाडलोटीच्या कामावर आठ-दहा तास पायांवर असतात. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय दिलीच पाहिजे, असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये केला. त्यामागे साडीच्या दुकानांत उभे राहून थकलेल्या बायकांचा लढा होता. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प ही स्वागतिका सपाट बूट घालून कामावर गेली, म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवण्यात आले. तिने अर्ज केला, त्यावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. पाय दुखतो हे बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, हेच यातून दिसते.

आईच्या पायाकडे पाहा

मधुमेह असलेल्यांनी तर अधिक जपावे. पाय बधिर झाला की खडा टोचलेला, फोड आलेला कळतच नाही. त्यांनी घरातही अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय नीट पाहावेत. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मिळतात. पट्ट्याच्या साध्या सँडलसारख्या दिसणाऱ्या जोड्याही त्यात असतात आणि साडीखाली त्या वेगळ्या ओळखूही येत नाहीत.

जुनी पण चांगली चप्पल लगेच टाकू नका. नाक्यावरच्या गटईच्या स्टॉलवर नवा रबरी तळ मारून मिळतो, मागे पट्टा बसवून मिळतो. थोड्या पैशांत ती आणखी वर्षभर चालते. पण टाच एका बाजूने झिजून चप्पल तिरकी झाली असेल आणि तळ बदलण्यासारखा नसेल तर मोह सोडावा. तिरक्या चपलेने पाऊल वाकडे पडते, मग गुडघाही दुखू लागतो.

शेवटी एकच सांगणे. या पगाराला घरात नवा ड्रेस येणार असेल तर त्याआधी घरातल्या सगळ्यांच्या चपला दारात उलट्या करून पाहा. सर्वांत झिजलेली जोडी बहुधा आईची निघेल. त्या दिवशी तिला "तुझे असू दे गं" म्हणू देऊ नका. मुलीने आईला सोबत घेऊन दुकानात जावे आणि पहिली जोडी आईच्या पायात घालून पाहावी.