आधी नळी, मग अंडाशय

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ साली काही स्त्रियांच्या गर्भनलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. घराण्यात अंडाशयाचा कर्करोग असल्यामुळे या स्त्रियांनी आजार होण्याआधीच अंडाशय आणि नलिका काढून घेतल्या होत्या. तोवर साऱ्यांचे लक्ष अंडाशयावर होते. बिघडू लागलेल्या पेशी मात्र नलिकांच्या अस्तरात दिसल्या.

गर्भनलिकेचे अंडाशयाकडचे टोक पदराच्या गोंड्यासारखे सुटे सुटे असते. अंडाशयातून बाहेर पडलेले बीज हेच टोक आत ओढून घेते. काढलेली नलिका आता पॅथॉलॉजिस्ट दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून तपासतात आणि हे टोक उभे चिरून पूर्णच्या पूर्ण पाहतात. अंडाशयाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आणि सर्वांत घातक कर्करोगाची सुरुवात बहुतेकदा इथल्याच मूठभर पेशींत होते. तिथून त्या अंडाशयावर आणि पोटाच्या अस्तरावर पसरतात.

सुरुवात इतकी सूक्ष्म असल्यामुळे सोनोग्राफी तिथे तोकडी पडते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी नियमित करूनही या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणूनच ज्यांना धोका खरोखर मोठा आहे, त्यांच्यासाठी प्रतिबंधक शस्त्रक्रियेला महत्त्व आले.

हा धोका कोणाला? डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असलेल्यांना. एरवी शंभरातल्या जेमतेम एकीला होणारा हा आजार, बीआरसीए-१मध्ये दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या ४४ जणींना होऊ शकतो. बीआरसीए-२मध्ये १७ जणींना. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. त्यामुळे घराण्याचा इतिहास सांगताना मावशीइतकाच आत्याचा आजारही डॉक्टरांना सांगायला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा कुटुंबांसाठी जनुकीय समुपदेशनाची सोय आहे.

दोष सिद्ध झाला तर मुलेबाळे झाल्यावर, बीआरसीए-१साठी ३५ ते ४० आणि बीआरसीए-२साठी ४० ते ४५ या वयात दोन्ही अंडाशय व नलिका दुर्बिणीतून काढण्याचा सल्ला दिला जातो. धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो; शून्य होत नाही, कारण पोटाच्या अस्तरात हा कर्करोग क्वचित उद्भवू शकतो. शिवाय पाळी एकदम बंद होते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. स्तनांचा कर्करोग झालेला नसेल, तर काही वर्षे हार्मोन देऊन हा त्रास बराच आटोक्यात ठेवता येतो.

जनुकीय दोष नसलेल्यांसाठी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० मध्ये वेगळी वाट धरली. गर्भाशय काढायचेच असेल किंवा कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करायचेच असेल, तर त्याच वेळी नलिका पूर्ण काढा, अंडाशय राहू द्या. अशा पंचवीस हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात या घातक प्रकाराचे पाचेक रुग्ण अपेक्षित होते. एकही आढळला नाही. आपल्याकडे लाखो स्त्रिया कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घेतात, म्हणून या अनुभवाकडे आपण गांभीर्याने पाहायला हवे. मात्र नलिका काढल्यावर ती पुन्हा जोडता येत नाही, हे बाईला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रात हा विषय मांडताना बीडला वगळून चालणार नाही. तिथे ऊसतोड करणाऱ्या कितीतरी तरुण बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. अंगावरून पांढरे जाते, दुखते, म्हणून गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली. २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे, एवढ्यावरून पिशवी काढणे म्हणजे कर्करोगाचा प्रतिबंध नव्हे. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळायला एचपीव्हीची लस आणि नियमित तपासणी आहे. प्रतिबंधासाठी गर्भाशय काढण्याचा विचार होतो तो लिंच सिंड्रोमसारख्या मोजक्या आनुवंशिक दोषांत.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बाईने विचारावे: माझा धोका नेमका किती, तो कोणत्या तपासणीवरून ठरला, कोणता अवयव काढणार आणि त्यानंतर माझ्या शरीराचे काय होणार? ज्या डॉक्टरकडे याची उत्तरे आहेत, त्याचा सल्ला ऐकावा. जो नुसती भीती घालतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.