अठराव्या वर्षानंतर : दिव्यांग विद्यार्थी आणि प्रौढ जीवनाची पूर्वतयारी

भारतीय कायद्याच्या दृष्टीने वयाची 18 वर्षे पूर्ण करणारी व्यक्ती सज्ञान ठरते आणि दिव्यांग विद्यार्थीही त्याला अपवाद नाही. मात्र त्याच सुमारास त्याची शाळा संपते आणि तिच्याबरोबर विशेष शिक्षक, वाचा-उपचार, समुपदेशन हे आधारही सुटतात. शालेय व्यवस्थेतून प्रौढांच्या व्यवस्थेत जाण्याच्या या काळात पुढील शिक्षण, रोजगार, निवास आणि कायदेशीर व्यवहार यांसाठी जे नियोजनपूर्वक साहाय्य दिले जाते, त्यास विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात ‘संक्रमण सेवा’ म्हणतात. भारतात या सेवांचे निरनिराळे घटक कायद्याने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती हे घटक एकत्र गुंफून विद्यार्थ्यापर्यंत नेण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या यंत्रणेची.

या क्षेत्राचा मुख्य आधार असलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि त्याने दिव्यांगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या 7 वरून 21 वर नेली. ज्यांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्रानुसार किमान 40 टक्के आहे, म्हणजेच ज्यांना ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ आहे, अशा 6 ते 18 वर्षांच्या बालकांना हा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यापुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा व प्रवेशाच्या कमाल वयात 5 वर्षांची सवलत, तर शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण अशी तरतूद तो करतो. या दोन टप्प्यांतील फरक मात्र पालकांच्या सहसा उशिरा लक्षात येतो. शाळेच्या वयात बालकाला शोधून शिक्षणात आणणे हे शासनाचे कर्तव्य असते, तर प्रौढ वयात प्रत्येक सवलतीसाठी स्वतः अर्ज करून, प्रमाणपत्र दाखवून पात्रता सिद्ध करावी लागते.

अमेरिकेने ही दरी ओळखून 1990 मध्ये आपल्या विशेष शिक्षण कायद्यातच संक्रमण सेवांचा समावेश केला. तेथील नियमानुसार विद्यार्थी 16 वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात शिक्षणोत्तर उद्दिष्टे आणि ती गाठण्यासाठी लागणाऱ्या सेवा लेखी नमूद कराव्या लागतात. शाळेनंतरच्या सेवा तेथेही पात्रतेवर अवलंबून असल्या, तरी पूर्वतयारीचे दायित्व कोणाचे, याविषयी संदिग्धता राहत नाही.

उच्च शिक्षणात कळीचा मुद्दा ‘वाजवी सोयीसुविधां’चा असतो. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे म्हणून, संस्थेवर अवाजवी भार न टाकता केलेले आवश्यक बदल, असा या संज्ञेचा अर्थ आहे. परीक्षेत लेखनिक घेणे, दर तासामागे किमान 20 मिनिटे वाढीव वेळ मिळणे, पाठ्यपुस्तके संगणकावर ऐकता येतील अशा स्वरूपात मिळणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. महाविद्यालयात मात्र ही मागणी विद्यार्थ्याने स्वतः करावयाची असते. त्यामुळे आपली गरज नेमक्या शब्दांत मांडण्याचे शिक्षण शाळेतच मिळणे अगत्याचे ठरते.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांच्या बाबतीत पालकत्वाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मूल सज्ञान झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते, आणि बँक खाते, मालमत्ता किंवा उपचारांस संमती यांसारख्या व्यवहारांत अडचणी उभ्या राहतात. यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकाच्या नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. दुसरीकडे, 2016 च्या कायद्यातील ‘मर्यादित पालकत्व’ ही संकल्पना पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने संयुक्त निर्णय घ्यावा, असे सांगते; तिचे मूळ भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात आहे. म्हणूनच पालकत्वाचा दाखला मिळाला, याचा अर्थ त्या व्यक्तीचे मत विचारण्याची गरज उरली नाही, असा घेणे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

रोजगाराच्या बाबतीत दोन पद्धती प्रचलित आहेत. ‘संरक्षित कार्यशाळे’त दिव्यांग प्रौढ एकत्र बसून देखरेखीखाली पाकिटे, मेणबत्त्या, खाद्यपदार्थ अशा वस्तू तयार करतात, विशेष शाळांना जोडून चालणारी अनेक उद्योगकेंद्रे याच प्रकारची आहेत. ‘साहाय्यित रोजगारा’त मात्र व्यक्तीला सर्वसाधारण कामाच्या ठिकाणीच नोकरी दिली जाते आणि प्रशिक्षक काही काळ तिच्यासोबत राहून काम, प्रवास व सहकाऱ्यांशी वागणे शिकवतो. पहिली पद्धत सुरक्षितता देते, परंतु तिच्यात उत्पन्न आणि समाजाशी संपर्क हे दोन्ही मर्यादित राहतात. त्यामुळे शक्य तेथे दुसरीला प्राधान्य देणे इष्ट आहे.

या सर्व बाबींची तयारी अठराव्या वर्षी आरंभली, तर उशीर झालेला असतो. विद्यार्थी 14 वर्षांचा होताच शाळा, पालक आणि स्वतः विद्यार्थी यांनी एकत्र बसून लेखी आराखडा करावा. त्यात दिव्यांगत्व प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, पैशाचा व्यवहार, एकट्याने प्रवास, कामाचा प्रत्यक्ष अनुभव आणि आवश्यक असल्यास पालकत्वाची कार्यवाही यांचा क्रम व मुदत ठरवावी आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. असा आराखडा करणे प्रत्येक माध्यमिक व विशेष शाळेने आपल्या नित्य कामकाजाचा भाग मानले पाहिजे आणि पालकांनीही तो शाळेकडे आग्रहाने मागितला पाहिजे.