पिवळं, केशरी, पांढरं आणि आता सत्तरी

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावरच्यांना पांढरी. हे रंग ठरले ते धान्य-रॉकेलासाठी. पण पुढची पंचवीस वर्षं अमरावती-अकोल्यातल्या म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन सरकारी खर्चानं होणार की एकर-दोन एकर गहाण टाकून, हेही बऱ्याच अंशी त्याच रंगांवर ठरत राहिलं. दवाखान्याच्या खिडकीवर दुखणं विचारण्याआधी प्रश्न यायचा, ‘काकाजी, राशनकार्ड आनलं का?’

त्याआधीचा काळ दोन वाक्यांत सांगता येतो. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. तो शहरातल्या पगारदारांचा आणि व्यापाऱ्यांचा विमा होता, आणि उतारवयात नव्यानं मागायला गेलं तर बहुधा मिळत नसे. १९९७ मध्ये राज्यानं गरिबांसाठी जीवनदायी योजना सुरू केली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या आजारांना मदत, तीही कागदांचा गठ्ठा मंजूर होऊन आला तर.

वऱ्हाडात आरोग्याचं कार्ड खऱ्या अर्थानं हातात आलं ते राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेनं. ही केंद्राची योजना २००८ ची, आणि महाराष्ट्रात ती आधी ज्या जिल्ह्यांत आली त्यांत अमरावती होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबानं तीस रुपये भरायचे आणि वर्षाला तीस हजारांचं संरक्षण घ्यायचं. गावात लॅपटॉप आणि छपाईयंत्र घेऊन माणसं येत, फोटो-अंगठा घेत आणि स्मार्टकार्ड जागेवर हातात देत. सोबत एक सरकारी कर्मचारी असायचा. त्याचं कार्ड आणि अंगठा लागल्याशिवाय नोंदणी पुरी होत नसे. आधीपासूनचा आजारही चालायचा, वयाची अट नव्हती. म्हाताऱ्यांसाठी कागदावर याहून बरी योजना तोवर झाली नव्हती.

पण कार्डावर नावं पाचच. घरचा कर्ता, त्याची बायको आणि आणखी तिघं. वऱ्हाडातल्या एकत्र घरात तीन पोरं आणि आई-बाप असले की त्या तीन जागांवर कोण बसणार? दरसाल नोंदणीची गाडी गावात आली की घराला हा निवाडा करावा लागे, आणि तो बहुतेक वेळा पोरांच्या बाजूनं लागे. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ‘माहं काय आता, पोराचं लिवा,’ असं म्हणणारी आजी कोणत्याही गावात सापडली असती. शिवाय कार्ड दरवर्षी नवं करायचं, आणि गाडी आली त्या दिवशी माणूस कापूस वेचायला किंवा विटभट्टीवर गेलेला असला तर ते वर्ष हुकलं. रथी, मुखर्जी आणि सेन या अभ्यासकांनी याच जिल्ह्यातल्या नोंदणीचा, वापराचा आणि लोकांच्या समजुतींचा अभ्यास करून २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. आरोग्यविम्याच्या देशपातळीवरच्या चर्चेत अमरावतीचं नाव आलं ते असं. तोवर मुंबईत दुसरंच काही शिजत होतं.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर. कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख, मूत्रपिंड बदलायचं तर अडीच लाख, ९७२ उपचार, आणि पिवळ्याबरोबर केशरी कार्डही पात्र. पाच नावांची अट गेली. शिधापत्रिकेवर जितकी नावं तितकी माणसं आत. आई-बापांची जागा कुणाशी स्पर्धा न करता पक्की झाली. माझ्या मते वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीनं या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. जाहिरातीत मात्र आकडा दीड लाखाचाच झळकला.

अकोला त्या आठांत नव्हता. तिथं योजना पोचली २१ नोव्हेंबर २०१३ ला, उरलेल्या जिल्ह्यांबरोबर. मधले सोळा-सतरा महिने दर्यापूरच्या केशरी कार्डवाल्याचं ऑपरेशन योजनेत होत होतं आणि शेजारच्या मूर्तिजापूरच्याचं होत नव्हतं. दोन्ही गावांत एकच पीक, एकच पाणी आणि बरीचशी सोयरीकही एकच. फक्त जिल्हा वेगळा.

पाणी म्हटलं की खारपाणपट्टा आलाच. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारट. इथं किडनीच्या आजाराचा दोष लोक या पाण्यालाच देतात. विम्याच्या कागदावर डायलिसिस ही एक ओळ असते, पण या गावांत तिचा अर्थ आठवड्यातून दोनदा-तीनदा एसटीनं अकोला किंवा अमरावती गाठणं. योजनेत डायलिसिस बसलं म्हणून घरं वाचली, हे खरं. एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्या लेकाची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजात बसली नाही, हेही तितकंच खरं. अमरावतीचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सुपर’, तिथं पुढं किडनी प्रत्यारोपणही होऊ लागलं आणि ‘नागपूरले न्या’ हा सल्ला ऐकून खचणारी काही घरं तरी नागपूरला न जाता निभावली.

पांढऱ्या कार्डाचं प्रकरण वऱ्हाडात निराळं आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेले म्हणून राज्यानं चौदा जिल्हे काढले. अमरावती विभागाचे पाचही त्यांत आहेत. या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही पुढे योजनेत घेतलं. पुरावा काय, तर सातबारा. आता आमच्याकडे बाप हयात असेपर्यंत वाटणी होत नाही, सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचंच. त्यामुळे इथं एकदाच असं घडलं की घरातला म्हातारा लाभार्थी ठरला तो कुणाच्या कार्डावर अवलंबून म्हणून नव्हे. त्याच्या उताऱ्यावर बाकीचे आत आले.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीवर. यादीत नाव असलं तर आहे, नसलं तर नाही. अर्ज करून आत जाण्याची सोयच नव्हती. एका गल्लीत एका घराला पंतप्रधानांचं पत्र आलं, शेजाऱ्याला नाही, आणि दोघांचीही गरिबी सारखीच. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या, तेव्हा करोना आलेलाच होता, आणि मे महिन्यात राज्यानं रंग न पाहता सगळ्यांनाच फुले योजना खुली केली. ती साथीची सोय होती. कायमचा निर्णय झाला २०२३ मध्ये: प्रत्येक कुटुंबाला पाच लाख, कार्ड कोणतंही असो. अंमल १ जुलै २०२४ पासून. पंचवीस वर्षांनी रंग निकाली निघाले.

त्याच दरम्यान एक निर्णय असा झाला की त्यात अमरावती आणि अकोला पुन्हा वेगळे पडले, याची चर्चा फारशी झाली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत. अमरावतीचं इर्विन, डफरीन आणि ‘सुपर’ त्यात आले. अकोल्याचं सर्वोपचार मात्र २००२ पासून वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्या निर्णयाच्या कक्षेत ते नव्हतं. खाटेवरच्या माणसाला आपण कोणत्या विभागाच्या छताखाली निजलो आहोत, हे कुठून कळावं?

आता ज्यांना खरोखरच निवड करता येते त्यांच्याकडे वळू. ती मंडळी थोडी आहेत, पण दरवर्षी ठरल्या तारखेला कागद घेऊन बसणारी तीच. अमेरिकेत पासष्टीनंतरच्या मेडिकेअरसाठी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर अशी मुदत असते. तेवढ्यात पुढच्या वर्षाची योजना बदलायची ती बदलायची. आमच्याकडे हा हंगाम बँकेतून निवृत्त झालेल्यांचा. २०१५ च्या वेतन करारानंतर १ नोव्हेंबरपासून त्यांचा गटविमा सुरू झाला: अधिकाऱ्यांना चार लाख, कर्मचाऱ्यांना तीन लाख, हप्ता मात्र पूर्णपणे स्वतःच्या खिशातून. पहिल्या वर्षी तो परवडला. पुढच्या काही वर्षांत तो असा चढला की जुन्या, तुटपुंज्या पेन्शनवाल्यांना महिना-दोन महिन्यांची पेन्शन त्यातच घालावी लागली. मग पर्याय आले: दवाखान्यात भरती न होता घरी घेतलेल्या उपचारांचा खर्च धरून हप्ता, किंवा तो वगळून कमी हप्ता, वर सुपर टॉप-अप हवं तर. दिवाळीच्या तोंडावर बँकेच्या निवृत्तांच्या बैठका याच एका विषयावर रंगतात.

बऱ्याच जणांनी स्वस्त पर्याय घेतला आणि घरच्या उपचारांचा भाग सोडला. आकडेमोड चुकीची नव्हती. पण सत्तरीतल्या माणसाचा दर महिन्याचा खर्च बीपी-शुगरच्या गोळ्यांचा आणि रक्ततपासणीचा असतो, भरतीचा नसतो. तो देणारी हीच एक तरतूद होती आणि महाग म्हणून तीच आधी गेली. सरकारी पाच लाखांतही ओपीडीच्या गोळ्या नाहीत. मोठ्या आकड्याचं कार्ड खिशात आणि गोळ्यांचं बिल रोख, अशी ही व्यवस्था आहे.

राज्य सरकारच्या निवृत्तांसाठी २०१४ पासून गट वैद्यकीय विमा आहे, त्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. केंद्राचे जे निवृत्त सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या, हद्दीबाहेर राहतात त्यांना जुलै २०१७ पासून महिना हजार रुपये वैद्यकीय भत्ता आहे. रेल्वेचे निवृत्त बडनेरा असो की अकोला, मोठ्या दुखण्याला विभागाच्या भुसावळकडे पाहतात. आणि खासगी पॉलिसी घेणाऱ्यांचे नियम अलीकडे बरेच सैल झाले: १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाकारण्याचा जुना आधार गेला, आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता विमा नियामकाशी चर्चा केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवण्यास बंदी आली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. कंपनी बदलण्याची मुभा तर २०११ पासूनच आहे. अर्ज मात्र नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी द्यावा लागतो. ही पंचेचाळीस दिवसांची गोष्ट लोकांना हप्त्याची नोटीस आल्यावर कळते, तेव्हा वेळ गेलेली असते.

या सगळ्यावर २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. सत्तरीच्या पुढचा कुणीही. उत्पन्न, रंग, यादी काही नाही. वर्षाला पाच लाख, आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असलं तर हे पाच लाख फक्त घरातल्या सत्तरीपारच्यांचे, त्यांत धाकट्यांचा वाटा नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालते. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतून एक निवडावं लागतं, तेही एकदाच. अशांना मी एवढंच म्हणेन की पाच लाखांच्या आकड्याला भुलू नका. गावाजवळचं कोणतं रुग्णालय कोणत्या यादीत आहे आणि आपल्या दुखण्याचा उपचार तिथं होतो का, हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारा. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात, हेही तिथंच कळतं. नोंदणीला मुदत नाही, वर्षभर कधीही करता येते. आणि आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. ते निव्वळ आरोग्याच्या नोंदींचं खातं आहे. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवून आभाच पुढे करणारे रोज भेटतात.

वय वंदनेत वय मोजलं जातं ते आधारवरून, आणि खरी अडचण तिथं आहे. या पिढीच्या कितीतरी माणसांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, साल नोंदणीवाल्यानं अंदाजानं विचारून लिहिलेलं. दुष्काळाच्या वर्षी जन्मलो, थोरल्याहून तीन वर्षांनी, असं सांगणाऱ्याचं साल लिहिणार तरी कसं? दोन-चार वर्षं इकडची तिकडे झाली आणि बहात्तरीचे काकाजी कागदावर अडुसष्टचे राहिले. नवरा सत्तर पार, बायको सहा-सात वर्षांनी लहान, अशा जोडप्यात त्याचं कार्ड निघतं आणि ती कुटुंबाच्या सामायिक पाच लाखांवर राहते. तिचं वय आधारवर आणखी कमी लागलेलं असलं तर दुरुस्ती करता येते, पण जन्मतारखेची दुरुस्ती एकदाच, आणि ती कागद दाखवून. शाळेचा दाखला आणा म्हणतात. ती शाळेत गेलेलीच नसते.