सवलतीची पाटी आणि घरची यादी

विश्रामबागेंत सायंकाळीं फिरावयास निघालें कीं, दुकानांच्या दर्शनी भागीं ‘दोनांवर एक मोफत’ अशा पाट्या दृष्टीस पडतात. घरीं परतावें, तों मोबाइलवर सवलतीचीं कुपनें येऊन पडलेलीं असतात. या सवलतींनीं प्रपंचाचा खर्च खरोखर कमी होतो काय, हें प्रत्येक कुटुंबानें एकदां कागदावर मांडून पाहावें.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत अशाच एका पाटीस भुलून आम्हीं रव्याच्या अर्ध्या किलोच्या ६ पिशव्या आणल्या. एका पिशवीस ३० रुपये. चारांचे १२० देऊन सहा पदरांत पडल्या. ६० रुपये वाचले, असें आम्हीं घरांत मोठ्या ऐटीनें सांगितलें. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, आपल्याला महिन्याला एकच पिशवी लागते.” श्रावणांत डबा उघडला, तों रव्यांत अळ्या! दोन पिशव्या उपयोगीं पडल्या, चार टाकाव्या लागल्या. म्हणजे ६० रुपयांच्या मालास आम्हीं १२० मोजले. जेवढी बचत मिरविली, तेवढीच हानि झाली.

यावरून सावध होऊन आम्ही हिशेब पाहूं लागलों. वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह असते. तीहून अधिक घेतां येत नाहीं, कमी घेण्यास मात्र प्रत्येक दुकानदारास मुभा आहे. म्हणून छापील किमतीवरील सूट ही बाजारभावावरील सूट असेलच असें नाहीं. १०० रुपये छापलेली डाळ मोठ्या दुकानांत ९० रुपयांस मिळत असेल आणि कोपऱ्यावरचा वाणी तीच ८८ रुपयांस देत असेल. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन, एक किलोहून कमी मालावर दर ग्रॅमची व अधिक मालावर दर किलोची किंमत छापण्याचें बंधन आलें. तो बारीक आंकडा चष्मा लावून अवश्य वाचावा.

घाऊक खरेदी आपणांस नवी नाहीं. सांगली ही हळदीची पेठ. नवी हळद आली कीं वर्षाची बेगमी करण्याची रीत जुनीच आहे. परंतु आपल्या वडिलधाऱ्या स्त्रिया आधीं घरचीं माणसें मोजीत, माल उन्हांत वाळवीत, मगच डबे भरीत. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनेंही हेंच सूत्र धरलें: कुटुंबांनीं संघ करून मागणी आधीं नोंदवावी, माल एकत्र घ्यावा व वांटून न्यावा.

तात्पर्य, यादी आधीं व पाटी मागाहून. यादींतील वस्तूस कुपन लागू पडलें, तर तें अवश्य वापरावें. कुपन आहे म्हणून यादी वाढवूं नये. आमच्या घरीं आतां यादी सूनबाई करतात. आम्ही पिशवी धरतों.