पर्यावरणाच्या तासाला जातीचा विषय का यायला हवा?

शाळेत असताना पर्यावरणाचा प्रकल्प तुम्हीही केला असेल. घरात किती पाणी लागतं ते मोजा, ओला-सुका कचरा वेगळा करा, झाड लावून फोटो चिकटवा. वहीवर बाईंची सही झाली, मार्क मिळाले, विषय संपला.

या वहीत एक प्रश्न मात्र सहसा नसतो. पाणी, जंगल आणि कचरा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो का?

हा प्रश्न आला कुठून?

१९८२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, वॉरन काउंटीमध्ये विषारी रसायन मिसळलेली माती पुरायचं ठरलं. तिथली बहुसंख्य वस्ती गरीब आणि कृष्णवर्णीय होती. लोक ट्रकसमोर आडवे झाले. ५०० हून जास्त जणांना अटक झाली, तरी माती तिथेच पुरली गेली.

पुढे १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या आयोगाने देशभराचा अभ्यास केला. घातक कचऱ्याची ठिकाणं कोणाच्या शेजारी आहेत, याचा सगळ्यात मोठा संबंध उत्पन्नापेक्षाही वंशाशी निघाला. 'पर्यावरणीय न्याय' ही कल्पना इथून रुजली आणि वर्गात काय शिकवायचं, कोणाच्या अनुभवातून शिकवायचं, यावरही चर्चा सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? वंश आणि जात एकच नाहीत. पण पाणी कोणी प्यायचं आणि घाण कोणी काढायची, हे आपल्याकडे शतकानुशतकं जन्मावरून ठरत आलं.

पाणी: महाडचं तळं

तळेगाव दाभाडेमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे, हे तिथल्या बहुतेकांना माहीत असतं. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गुरंढोरं जिथे पाणी पीत, तिथे अस्पृश्य माणसांना मज्जाव होता.

गंमत म्हणजे, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. ते सगळं कागदावरच राहिलं. सत्याग्रहानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

आपण हे सगळं इतिहासाच्या तासाला शिकतो. पाण्याच्या धड्यात मात्र पाणी 'सर्वांचं' असतं.

जंगल: मावळातले कातकरी

तळेगाव ज्या मावळ तालुक्यात आहे, तिथे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांच्या वन कायद्यांनी जंगल राखीव झालं आणि हा धंदा हातून गेला. वर गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला. आज कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्र सरकारच्या 'विशेष दुर्बल आदिवासी गटां'त मोडतात.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे कंद, खेकडे, मासे, रानभाज्या यांची ज्या मुलांना खडान्‌खडा माहिती असते, ती मुलं 'जैवविविधता' शिकवली जाते तेव्हा वर्गातच नसतात.

कचरा: पुण्याचा धडा

पुण्यात १९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेले. तेव्हा लक्षात आलं की मुलं शाळेत टिकायची असतील, तर आधी त्यांच्या आयांच्या कामाला मान आणि बरा मोबदला मिळायला हवा. त्यातूनच १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली आणि २००८ मध्ये घरोघरी जाऊन कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर काम करू लागली.

या कामातल्या बहुसंख्य जणी दलित स्त्रिया. 'ओला-सुका वेगळा करा' हा धडा यांच्याशिवाय शिकवला, तर तो अर्धाच राहतो. कारण आपण कचरा वेगळा केला नाही, तर तो त्यांना हाताने करावा लागतो.

मग अभ्यासक्रमात काय करता येईल?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आदेश दिला आणि पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा भाग झाला. आपल्याकडे तिसरीपासून 'परिसर अभ्यास' असतो, अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'. म्हणजे तास आहे, पुस्तक आहे, मार्कही आहेत.

जातीचा विषय लहान मुलांना झेपणार नाही, असंही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने काढलेल्या पाचवीच्या परिसर अभ्यासात सफाईचं काम कोण करतं आणि का, यावर एक धडा होता. जंगल कोणाचं, यावरही एक होता. दहा वर्षांच्या मुलांसाठीच ते लिहिले होते.

नवं पुस्तक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. त्याच प्रकल्प वहीत तीन प्रश्न वाढवता येतील:

१. आपल्या गावात पूर्वी कोणता पाणवठा कोणाचा होता? आजी-आजोबांना विचारा.

२. आपल्या घरातून निघालेला कचरा कोणाच्या हातातून जातो आणि शेवटी कोणाच्या वस्तीशेजारी पडतो?

३. आपल्या जवळच्या डोंगरातल्या दहा वनस्पतींची नावं आणि उपयोग आपल्या वर्गात कोणाला सांगता येतात?

यातली काळजी एकच. कोणत्याही मुलाला जात विचारून उभं करायचं नाही. दुसरा प्रश्न सोडवताना एखाद्या मुलीची आईच सफाईचं काम करत असू शकते. ती आपली आई चोरून ठेवते की वर्गाला तिच्या कामाबद्दल सांगते, हे धडा कसा शिकवला जातो त्यावर ठरेल. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कदाचित कातकरी वाडीवरचं तेच पोर पुढे येईल, जे एरवी मागच्या बाकावर बसतं.