पावती आहे, तरी ‘अनधिकृत’

लकडी बंदर, शिवडीचा टिंबर पाँड. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची ही नावेच लाकडाच्या जुन्या धंद्याची खूण आहेत. ओंडका अवजड, जहाजातून उतरल्यावर पुन्हापुन्हा चढवणे-उतरवणे परवडत नाही, म्हणून वखारी धक्क्याच्या आसपास वसल्या. जमीन बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), वखार व्यापाऱ्याची. जागा रिकामी करण्यावरून होणाऱ्या भांडणाचे मूळ इथेच.

‘अनधिकृत भोगवटादार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घुसखोर येतो. सार्वजनिक जागांवरून निष्कासन करणाऱ्या १९७१ च्या कायद्याची व्याख्या मात्र त्याहून बरीच रुंद आहे. रीतसर भाडेपट्ट्याने आलेला, वर्षानुवर्षांच्या पावत्या जपलेला माणूसही पट्ट्याची मुदत संपली किंवा तो रद्द झाला, की याच व्याख्येत बसतो. भाडेनियंत्रण कायद्याचे कवच त्याला नाही. प्रकरण ऐकतो इस्टेट ऑफिसर, म्हणजे बहुधा जमीनमालक संस्थेचाच अधिकारी. जागा रिकामी करण्याच्या त्याच्या आदेशावर अपील करायला मुदत अवघी १२ दिवसांची. छोट्या वखारवाल्याचे एवढे दिवस वकील गाठण्यातच जातात. हे मला अन्यायाचे वाटते.

बंदराला तरी मोकळे रान कुठे आहे? द्वारकादास मर्फतिया खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की भाडेनियंत्रणातून सूट असली तरी पोर्ट ट्रस्टची कारवाई वाजवी आणि लोकहिताचीच हवी. त्या भाडेकरूचे अपील मात्र फेटाळले गेले. जमशेद वाडिया प्रकरणात २००४ साली तेच सूत्र भाडेवाढीला लागले: दर वाढवावेत, पण खासगी मालकासारखे बाजार देईल तेवढे उकळू नयेत.

बंदराची बाजूही खोटी नाही. जमीन जनतेची आहे. जुन्या दराने ती अडवून पोटभाडेकरूंकडून नफा खाणाऱ्याची कड घेण्याचे कारण नाही. पण सुनावणीत पक्षकार दोनच, जमीनमालक आणि कब्जेदार. ओंडके उतरवणारा माथाडी आणि करवतीवरचा कामगार यांची पोटे त्याच जागेवर चालतात, त्यांना तिथे कुणी विचारत नाही. म्हणून पर्यायी जागेचा निर्णय होण्याआधी चालत्या वखारींना कुलूप लावू नये.

आणि वखारवाल्यांनो, नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. पट्टा, पावत्या, पत्रव्यवहार जोडून मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. पुढचे अपील त्याच कागदांवर लढवावे लागते.