आठ वर्षांची ठेव

सहलीला निघताना काय पाहायचे, कुठे जेवायचे, हे घरूनच ठरलेले असते. निसर्गभ्रमंतीत मात्र काय दिसेल ते जंगल ठरवते, आणि जाणता वाटाड्या बरोबर नसेल तर समोरचेही दिसत नाही.

मुंबईकर याबाबतीत भाग्यवान. १८८३ साली आठ जणांनी स्थापन केलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी इथलीच. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही बोरिवली स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. तरी कित्येकांची ओळख कान्हेरीच्या लेण्यांपाशीच थांबते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी अशा भ्रमंत्यांना जाऊ लागलो. बरोबरची मंडळी पन्नाशी-साठीची, गुडघ्यांविषयी कुरकुरणारी, पण भल्या सकाळी फाटकाशी हजर! मुले भराभर प्रश्न विचारतात. मोठ्यांना अज्ञान उघडे पडण्याची धास्ती. म्हणून आमचा पंचविशीतला निसर्ग-अभ्यासक आधी नावे सांगतच नाही. वाटेवर पडलेले सागाचे कोवळे पान तो बोटांत चोळायला देतो. बोटे लाल होतात आणि एखादे निवृत्त मुख्याध्यापक स्वतःचेच हात निरखत राहतात. मग प्रश्न आपसूक सुरू होतात.

माझ्या मनात घर केले ते कारवीने. सात वर्षे ही झुडपे नुसती वाढतात. आठव्या पावसाळ्यात एकदाच सारा उतार निळा-जांभळा होतो. मग कारवी बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडे ओल लागताच तडतडतात, बिया उडवतात. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या. वर शेणमातीचा लेप.

या जंगलात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. २०२४ च्या फुलोऱ्यात आमच्यातल्या सत्तरीच्या एक बाई बराच वेळ बोटांवर काही मोजत उभ्या होत्या. मीही मनात तोच हिशेब करत होतो. पुढची पाळी २०३२ ची. कोणी काही बोलले नाही. शेवटी त्यांनीच विचारले, ''पुढच्या खेपेला कोणत्या महिन्यात यायचं?''

''सप्टेंबरात, आजी. मी घ्यायला येतो,'' तो मुलगा म्हणाला.

कारवी म्हणजे जंगलाची मुदत ठेव. फुलांच्या वर्षी गर्दी लोटते, छायाचित्रे निघतात. मधली सात वर्षे मात्र तोच उतार परक्या डोळ्यांना निरुपयोगी झुडपांचा वाटतो, आणि अशा जागेवर नकाशात रस्त्याची रेघ ओढणे फार सोपे असते. त्या वर्षांत 'इथे कारवी आहे' असे सांगू शकणारी माणसे गावात हवीत. ती अशा सकाळींतूनच तयार होतात.

वाचकहो, तुमच्या गावाजवळही एखादी टेकडी असेल आणि तिची झाडे ओळखणारे कोणीतरी असेलच. येत्या रविवारी त्यांना विचारून पाहा. न फुललेल्या वर्षीच जा.